विनापरवाना समुद्र

1906 साली इंग्रजांनी खानदेशची वाटणी केली. पूर्व खानदेश जळगावकडे, पश्चिम खानदेश धुळ्याकडे. जिल्ह्यांची नावं पुढं बदलली, पण आमच्या घरात ती वाटणी अजून लागू आहे. मी धुळ्याची, हे जळगावचे. भरीत कुणाचं खरं आणि शेवभाजी कुणाची झणझणीत, यावर आमचं आजवर जमलेलं नाही. जमतं ते सुरतेवर. खानदेशात ज्या घरचं कुणीच सुरतेला नाही, ते घर शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल. माझा धाकटा भाऊही सुरतेत, उधन्याला असतो.

यांची सगळी नोकरी हतनूर धरणावर गेली. तापी नदी, 41 दरवाजे. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. यांनी जाहीर केलं, "आपण सोडलेलं पाणी शेवटी जातं कुठं, ते एकदा डोळ्यांनी बघायचं." मला वाटलं, वय झालं की असं होतं. पण तापी सुरतेपुढं समुद्राला मिळते आणि तिथल्याच हजीऱ्याहून खंभातचं आखात ओलांडून घोघ्याला मोठी बोट जाते, हे कळल्यावर मीही तयार झाले. घोघ्याहून भावनगर जवळच. सुरतेहून रस्त्यानं गेलं तर सगळ्या आखाताला वळसा घालून 370 किलोमीटर, बोटीनं 90. ही बोट 2020 च्या नोव्हेंबरात सुरू झाली.

जळगावहून सुरतेची गाडी धरली. अमळनेरला दशम्या सुटल्या, दोंडाईच्याला ठेचा उघडला आणि समोरच्या बाकावरच्या गुजराती काकांनी वासानंच खिडकी गाठली. नवापूर स्टेशनातून राज्याची हद्द जाते. निम्मं स्टेशन महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत. हे फलाटावर उतरले, एक पाय इकडं, एक पाय तिकडं ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "पाणीवाटपाचं भांडण इथं किती सोपं झालं असतं!" गार्डानं शिट्टी मारली म्हणून बरं, नाहीतर लवादच बसला असता.

उधन्याला भावानं दारातच विचारलं, "कितलं पानी सोडं, भाऊजी?" 2006 च्या ऑगस्टात तापीच्या पुरानं सुरत बुडाली, त्यात त्याचा नवाकोरा फ्रिज गेला. त्या फ्रिजचा हिशेब तो अजून यांच्याकडं मागतो. "पाऊस काय मी पाडला?" हे यांचं ठरलेलं उत्तर. मग दोघं हसतात आणि फ्रिज पुढच्या भेटीपर्यंत राहून जातो.

मग हजीरा गाठलं. बोट म्हणजे तीन मजल्यांची इमारतच. खाली ट्रक, त्यावर मोटारी, वर माणसं. ट्रक एकामागून एक पोटात शिरताना पाहून हे हिशेब मांडत होते. इतकं वजन चढूनही पाण्याची पातळी वाढत कशी नाही, हा त्यांचा मुद्दा होता. बोट सुटली आणि हे कठडा धरून खाली बघत राहिले. पाणी निळं नाहीच, दाट चहासारखं.

"गाळ बघ," हे अभिमानानं म्हणाले. "आपली काळी माती. जळगावची."

"त्यात पांझरेचीही आहे," मी म्हटलं. पांझरा धुळ्याची, मुडावदला ती तापीला मिळते. माहेरचा वाटा सोडायचं काही कारण नव्हतं.

"असेल दोन घमेली," हे म्हणाले.

शेजारी भावनगरच्या एक बेन बसल्या होत्या. मी डब्यातली कळण्याची भाकरी पुढं केली, त्यांनी थेपला दिला. आम्ही दोघं कुठले कुठले हे ऐकून त्यांनी त्यांच्याकडची म्हण सांगितली: लंकेची लाडी नि घोघ्याचा वर. फार लांबची सोयरीक. धुळ्याहून जळगाव 90 किलोमीटर, हे मी त्यांना सांगितलं नाही. काही अंतरं किलोमीटरमध्ये नसतात.

भावनगरला दुसऱ्या दिवशी कोळियाकला गेलो. तिथं निष्कलंक महादेवाचं स्थान भर समुद्रात आहे. ओहोटीला पाणी मागं सरतं आणि लोक चिखलातून चालत जाऊन दर्शन घेतात. भरती आली की देव बुडतो आणि नुसता झेंडा वर दिसतो. आम्ही पोचलो तेव्हा दूरवर समुद्रच नव्हता. यांचा चेहरा उतरला.

"पानी कोठे गयं?" यांच्या तोंडून अहिराणी आली की समजावं, प्रकरण गंभीर आहे. "एवढा विसर्ग! खालच्या गावांना इशारा दिला का?"

नारळवाला म्हणाला, "साहेब, हे रोजचंच. चंद्र करतो."

"लेखी आदेश असतो का?"

नारळवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी नारळाचे पैसे दिले.

येताना आमच्या पायांवर पाणी चढू लागलं होतं. यांनी चपला हातात घेतल्या, विजार दुमडली आणि तरीही दर दहा पावलांनी मागं वळून पातळी बघत राहिले. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. एवढं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि जातं, आणि कुठल्याच रजिस्टरात त्याची नोंद नाही, हे यांना काही केल्या पचेना. मला मात्र भावनगरचे गाठिये आणि पपईचा संभारो चांगलाच पचला. सोबतच्या तळलेल्या मिरच्या मी एकटीनं संपवल्यावर दुकानदारानं न सांगता पाण्याचा जग आणून ठेवला.

संध्याकाळी कुणीतरी सांगितलं की भावनगर बंदराला दरवाजा आहे. भरतीचं पाणी आत घेऊन तो मिटतात, म्हणजे बाहेर ओहोटी असली तरी आतली जहाजं तरंगत राहतात. मग यांना कोण थांबवणार? मी टेकडीवरच्या तख्तेश्वराला गेले, हे बंदराकडं. तख्तेश्वराचं संगमरवरी देऊळ भावनगरच्या महाराजांनी 1893 साली बांधलं. तिथून सगळं शहर आणि पलीकडं आखात दिसतं. आरती आटोपून मी बंदराशी आले, तर पासाशिवाय आत सोडत नाहीत म्हणून हे फाटकावरच, पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसलेले. पहारेकरी उभा, हातात चहा.

"यांच्याकडं एकच दरवाजा आहे," हे मला दयेनं म्हणाले. "मी 41 सांगितले, तर त्यानं खुर्ची दिली."

निघताना दोघांनी एकमेकांचे मोबाईल नंबर घेतले. आता पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की हे ती लगेच माझ्या भावाला आणि त्या पहारेकऱ्याला पाठवतात. उधन्याहून भावाचा उलट निरोप येतो, "फ्रिज वर उचलू का?" भावनगरहून हात जोडलेलं चित्र येतं. आणि समुद्राची पातळी वाढली तर ताबडतोब कळवायचं, असं यांनी त्या पहारेकऱ्याला बजावून ठेवलं आहे.