राजे तीन, पखवाजी एकही नाही

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते, आणि युरोपातील फुटबॉल क्लबांना खेळाडूंची देवघेव करण्यासाठी नेमून दिलेला मुख्य कालावधी साधारणतः जूनच्या मध्यास सुरू होऊन सप्टेंबरच्या आरंभी संपतो. या दोन मुदतींचा मेळ शासनाने आणि फुटबॉलच्या जागतिक महासंघाने संगनमताने घातला असल्याचा पुरावा उपलब्ध नाही. तथापि त्याचा परिणाम मालवण बंदरापासून देवबागच्या टोकापर्यंत स्पष्ट दिसतो. होड्या झापांखाली शाकारलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, बाहेर पाऊस लागलेला आणि हातात मोबाइल, अशा अवस्थेत मालवणी मनुष्य जे करतो त्यास त्याच्या बोलीत 'गजाली' म्हणतात. गजाल म्हणजे निष्कर्षाची घाई नसलेली, साक्षीदारांची गरज नसलेली आणि चहा संपला तरी न संपणारी चर्चा. पूर्वी या चर्चेस भूत, भाऊबंदकी व ग्रामपंचायत हे तीन विषय पुरत असत. अलीकडे त्यांत 'ट्रान्सफर विंडो' या चौथ्याची भर पडली आहे.

ट्रान्सफर विंडो म्हणजे शब्दशः बदलीची खिडकी. ती उघडी असेल तोपर्यंतच एका क्लबाचा खेळाडू दुसऱ्या क्लबाकडे नोंदवता येतो, आणि करार शिल्लक असल्यास त्याच्या मूळ क्लबास मोबदला द्यावा लागतो. करार संपलेला खेळाडू मात्र मोबदल्याविना जाऊ शकतो. बेल्जियमच्या बोसमान या खेळाडूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी दिलेल्या निकालाने युरोपात हा हक्क प्रस्थापित झाला. 'बदली' हा शब्द सिंधुदुर्ग जिल्ह्यात त्यापूर्वी शिक्षक व तलाठी यांच्यापुरताच प्रचलित होता, आणि तिच्यासाठी खिडकीपेक्षा मागील दाराचा उपयोग अधिक होतो असा लोकसमज होता. त्यामुळे बदल्यांची तारीख, रक्कम आणि अटी जाहीर करणारी एखादी व्यवस्था जगात असू शकते, ही गोष्ट पचनी पडण्यास किनाऱ्यास काही वर्षे लागली असल्यास नवल नाही.

वस्तुतः हा व्यवहार किनाऱ्यास परका नाही. हंगामापूर्वी खलाशाला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन बांधून ठेवणे, ती घेतलेला खलाशी ऐनवेळी दुसऱ्याच्या नौकेवर दिसणे आणि त्यावरून दोन मालकांची बोलाचाली होणे, हे सर्व बोसमानच्या खटल्यापूर्वीही येथे घडत होते. दशावतारी नाट्यमंडळांतही तेच. कार्तिकात जत्रांबरोबर मंडळांचा हंगाम सुरू होतो, पावसाआधी तो संपतो, आणि मधल्या काळात कोणता राजपार्टी, म्हणजे राजाचे काम करणारा नट, कोणते मंडळ सोडून कोणत्या मालकाकडे गेला, स्त्रीभूमिका करणारा स्त्रीपार्टी त्याच्याबरोबर गेला की मागे राहिला, याची चर्चा रसिक ज्या बारकाईने करतात ती बारकाई माद्रिदच्या क्रीडावार्ताहरांनाही हेवा वाटावा अशी असते. सारांश, खेळाडूंच्या बदल्यांवर बोलण्याचा अधिकार मालवणी मनुष्यास वंशपरंपरेने मिळालेला आहे. प्रश्न एवढाच, की त्या परंपरेतील शहाणपण तो फुटबॉलकडे वळताना घरीच का ठेवतो.

या प्रश्नास हात घालण्यापूर्वी 'आपला क्लब' या संज्ञेची व्याख्या करणे आवश्यक आहे, कारण तीवरच निम्म्या गजाली खर्ची पडतात. इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात पहिल्या हंगामापासून मुंबई सिटी व एफसी गोवा हे दोन्ही क्लब आहेत. सिंधुदुर्गाचे सातबारा, मतपत्रिका व चाकरमानी मुंबईशी बांधलेले आहेत, तर त्याची नोकरी, बाजारहाट आणि गंभीर आजारपण गोव्याशी. ओरोसला जिल्ह्याचे मुख्यालय असले तरी अत्यवस्थ रुग्णाची गाडी गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयाच्या दिशेनेच धावते. परिणामी प्रत्येक घरात दोन क्लब नांदतात. चतुर्थीला मुंबईहून आलेला चाकरमानी आणि वर्षभर गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीचा नाका ओलांडून कामाला जाणारा त्याचा चुलतभाऊ एकाच माटवीखाली बसून भजनानंतरची उसळ खाताना एकमेकांच्या मध्यरक्षकांचा उद्धार करतात, आणि घरातील वडीलधारी मंडळी ही जमिनीच्या वाटणीची बोलणी नाहीत याबद्दल गणपतीचे आभार मानतात. याखेरीज मँचेस्टर, लिव्हरपूल व बार्सिलोना येथील क्लबांनाही प्रत्येक वाडीत एकेक पूर्णवेळ व्यवस्थापक लाभलेला आहे. त्या क्लबांना याची कल्पना नसल्याने त्याचे मानधन मात्र थकलेले आहे.

पक्ष कोणताही असो, सर्वांचा सिद्धांत एकच असतो आणि तो चार शब्दांत मांडला जातो: 'आमका गोल मारणारो होयो.' गेल्या हंगामात संघाने गोल कमी केले असतील तर गोल करणारा हवा, गोल जास्त खाल्ले असतील तर त्याहून अधिक गोल करणारा हवा, आणि संघ जिंकला असेल तर पुढच्या वर्षी असूया वाटावी म्हणून आणखी एक हवा. बचावफळी, मध्यफळी व आघाडी यांत बळाचे, वयाचे व स्वभावाचे प्रमाण राखणे यास फुटबॉलच्या परिभाषेत 'स्क्वॉड बॅलन्स', अर्थात संघाचा समतोल, म्हणतात. या संज्ञेचा उच्चार गजालीत वारंवार होतो. परंतु तिचा अर्थ 'डाव्या बाजूस एक गोल करणारा आणि उजव्या बाजूस दुसरा' असा घेतला जातो.

आता याच मनुष्यास जत्रेच्या रात्री देवळासमोर बसलेला पाहावा. दशावतारात आख्यान ठरलेले असले तरी संवाद लिहिलेले नसतात, ते पात्रे रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचतात. म्हणून राजाचे वाक्य कोठे संपणार आणि त्याचे पाऊल कोठे पडणार याचा अंदाज घेऊन पखवाज, झांज व पेटी यांना त्याला सावरून घ्यावे लागते. पूर्वरंगात, ज्यास आडदशावतार म्हणतात, संकासुर येतो आणि शुद्ध भाषेत बोलणाऱ्या देवांभटांची मालवणीत फिरकी घेऊन पेंगुळलेल्या प्रेक्षकांना जागे करतो. पखवाजी चुकला तर युद्धनृत्य कवायतीसारखे दिसते, आणि स्त्रीपार्टी दुबळा असेल तर राजाचा विलाप एकतर्फी होतो. हे सर्व पुढच्या रांगेतील शाळकरी मुलासही ठाऊक असते. पहाटे दहीकाला झाल्यावर घरी परतणारा रसिक 'राजा चांगलो होतो, पण पखवाज पडलो' असा अचूक अभिप्राय देतो. आणि अंथरुणावर पडण्यापूर्वी मोबाइल उघडून आपल्या क्लबाने मध्यरक्षकावर पैसे का उधळले, असा संतप्त सवाल करतो.

या विसंगतीचा सर्वांत बोधप्रद दाखला २०२० साली घडला, आणि तो किनाऱ्यापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर घडला. २०१९-२० च्या हंगामात एफसी गोवा संघाने साखळी फेरीच्या १८ सामन्यांत ४६ गोल करून अव्वल क्रमांकाची ढाल पटकावली. संघाचा राजा निर्विवादपणे स्पेनचा फेरान कोरोमिनास होता. तीन हंगामांत त्याने या स्पर्धेत ४८ गोल केले होते. तो त्या वर्षी स्पेनला परतला आणि गोव्याच्या पक्षात सुतक पाळले गेले. त्याच सुमारास मुंबई सिटीने, जानेवारीअखेरीस गोव्याने दूर केलेल्या सर्जिओ लोबेरा या प्रशिक्षकाला नेमले, आणि त्याच्या मागोमाग मध्यरक्षक अहमद जाहू, बचावपटू मुर्तदा फॉल, आघाडीच्या मागे राहून चाली रचणारा ह्यूगो बूमूस आणि पहिल्या हंगामापासून गोव्याकडून खेळलेला डावा बचावपटू मंदार राव देसाई असे चौघे मुंबईस गेले. मुंबईने राजाला हात लावला नाही. पखवाज, झांज, पेटी आणि संकासुर असा साथीचा संचच उचलून नेला. राजपार्टी तिने इतरत्र शोधले, आणि ते मिळालेही, कारण ताल तयार असला म्हणजे नाचणारा मिळतो.

पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे, तरी गोव्याच्या पक्षाकडून त्याची आठवण टाळली जात असल्याने येथे नोंद करणे भाग आहे. महामारीमुळे २०२०-२१ ची संपूर्ण स्पर्धा प्रेक्षकांविना गोव्यातच खेळवली गेली. उपांत्य फेरीत गोव्याची गाठ मुंबईशीच पडली, दोन्ही सामने बरोबरीत सुटले, आणि ८ मार्च २०२१ रोजी बांबोळीच्या मैदानावर मुंबईने पेनल्टीच्या फैरींत ६-५ असा विजय मिळवला. सिंधुदुर्गातील माणसाला बांबोळीहून वाईट बातमी ऐकण्याची सवय असली तरी ती मैदानातून येईल अशी अपेक्षा नव्हती. १३ मार्च रोजी फातोर्ड्यात मुंबईने अंतिम सामनाही जिंकला. त्या हंगामातील साखळीची ढालही तिनेच नेली. या घटनाक्रमाचा अभ्यास करून किनाऱ्यावरील मंडळींनी जो निष्कर्ष काढला तो असा की, गोव्याने आणखी एक गोल करणारा घ्यायला हवा होता.

असे निष्कर्ष काढणारे केवळ झापाखाली बसतात असे समजणे अन्यायाचे ठरेल. ते आलिशान कचेऱ्यांतही बसतात. २००३ साली रेआल माद्रिदने इंग्लंडच्या डेव्हिड बेकहॅमला आणले आणि बचावापुढे उभा राहून प्रतिपक्षाच्या चाली मोडणाऱ्या क्लोद माकेलेलेला चेल्सीस विकले. पखवाजी विकून तिसरा-चौथा राजा आणल्यावर माद्रिदला स्पेनची साखळी पुन्हा जिंकण्यास २००७ उजाडले, तर चेल्सीने २००५ व २००६ अशी लागोपाठ दोन वर्षे इंग्लंडची जिंकली. पॅरिसच्या क्लबाने २०१७ मध्ये नेमारसाठी २२.२ कोटी युरो मोजून बदलीच्या रकमेचा जागतिक उच्चांक केला, एम्बापेला जोडीस घेतले आणि २०२१ मध्ये मेस्सीलाही करार संपल्यावर आणले. सिंधुदुर्गात निरनिराळ्या मंडळांतील नामवंत पात्रे एका रात्रीपुरती एकत्र आणून जो प्रयोग होतो त्यास 'संयुक्त दशावतार' म्हणतात. तो रंगतो, कारण प्रत्येक पात्र आपले सर्वस्व ओतते आणि पहाटे आपापल्या मंडळाकडे जाते. पॅरिसने तोच प्रयोग दोन वर्षे रोज लावला. तीन राजे एकाच वेळी रंगमंचावर आल्यावर चेंडूसाठी मागे धावायचे कोणी, हा प्रश्न राजशिष्टाचारात बसत नसल्याने तो विचारला गेला नाही, आणि युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये हा संघ दोन्ही वर्षी अंतिम सोळांतच गारद झाला. तिघे निघून गेल्यावर, ३१ मे २०२५ रोजी म्युनिकमध्ये, त्याच क्लबाने इंटर मिलानचा ५-० असा पराभव करून ती स्पर्धा प्रथमच जिंकली.

याउलट किनाऱ्याकडे समतोलाचे जे जिवंत विद्यापीठ आहे त्याचे नाव रापण. किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर ओढून लांबलचक जाळे खेचण्याच्या या सामुदायिक पद्धतीत एक बाजू जोरात आणि दुसरी संथ ओढली गेली तर मासळी मोकळ्या बाजूने निघून जाते. म्हणून ताकदवान गडी सगळे एकाच दोराला लावत नाहीत, आणि आलेल्या मासळीचे वाटे दोर धरणाऱ्या प्रत्येकास मिळतात. पापलेट कोणाच्या हाताला आधी लागले यावरून तेथे सत्कार होत नाही. हे शास्त्र जाणणारा मनुष्य दूरचित्रवाणीसमोर बसताच अकराही गडी एका दोराला लावण्याचा आग्रह धरतो, याचे स्पष्टीकरण एकच संभवते: जेथे मासळी स्वतःच्या ताटात येणार असते तेथे तो समतोल पाळतो, आणि जेथे फक्त अभिमान ताटात येणार असतो तेथे त्यास राजा लागतो.

त्याहून गंभीर बाब ही की, गजालीचा संचही त्याच नियमाने भरलेला असतो. झापाखाली दहा जण बसले तर दहाही राजपार्टी असतात. प्रत्येकाचा प्रवेश दणक्यात होतो, प्रत्येकाचे भाषण उत्स्फूर्त असते, आणि ऐकून ताल धरणारा एकही नसतो. रविवारी गावच्या मैदानावर संध्याकाळचा डाव मांडला जातो तेव्हा हेच दहा जण आघाडीवर उभे राहतात आणि गोलात उभे राहण्यासाठी शाळकरी पोरास हाक मारली जाते, कारण ते पोर लहान असल्याने त्यास नाही म्हणता येत नाही. त्या पोराची कोणत्याही खिडकीतून बदली होत नाही.

नारळी पौर्णिमेस सागराला नारळ वाहिल्यावर ही चर्चा तात्पुरती थांबते, होड्या पाण्यात उतरतात, आणि तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, आपला संच मोजतो. त्या वेळी इंजिन जाणणारा कोण आणि जाळे नीट लावणारा कोण हे तो आधी पाहतो. मासळी दिसताच ओरडणारे त्याच्याकडे मुबलक असतात. फुटबॉलच्या रसिकांनी माद्रिद वा पॅरिसकडून धडे घेण्याची आवश्यकता नाही. कार्तिकात जत्रा सुरू होतील तेव्हा राजा रंगमंचावर पाऊल टाकताच त्यांनी क्षणभर नजर बाजूला वळवून पखवाजाकडे पाहावे, तो थांबला तर राजाचे काय होईल याचा विचार करावा, आणि मगच पुढील हंगामात कोणाला विकत घ्यावे यावर आपले मत द्यावे.