जहाजाच्या परवान्यावर सांतोरिनी

ज्या जहाजाने आपणांस रात्रभर सुखनिद्रा देऊन आणि पहाटेपासून न्याहारीची अखंड पंगत मांडून ईजियन समुद्रातील सांतोरिनी बेटासमोर आणून सोडले, तेच जहाज ‘सायंकाळी साडेपाचनंतर येणाऱ्या प्रवाशाची जबाबदारी आमच्यावर नाही’ असे फर्मान खोलीच्या दाराखालून सरकवते, तेव्हा यजमान आणि जेलर यांच्यातील सीमारेषा समुद्रावर किती पुसट होते, याची प्रचीती येते.

मुळात तेथे उतरणे हीच एक दीर्घ कार्यवाही आहे. सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या प्रलयंकर ज्वालामुखी उद्रेकात बेटाचा मध्यभाग खचला आणि त्या विवरात समुद्र शिरला. तेथील पाणी काही ठिकाणी चारशे मीटरांच्या आसपास खोल असल्याने बड्या जहाजांना कड्याखाली धक्का नाही, आणि प्रवाशांना लाँचमध्ये भरून फिरा गावाखालच्या जुन्या बंदरात नेऊन सोडावे लागते. आपला क्रमांक पुकारला जाईपर्यंत जहाजावरील नाट्यगृहात बसून राहावे, अशी वहिवाट आहे. आमच्या मंडळीतील निवृत्त तहसीलदार आण्णासाहेब, ज्यांनी हयातभर रयतेला कचेरीच्या व्हरांड्यात तिष्ठत ठेवले होते, ते क्रमांकाची चिठ्ठी ज्या लीनतेने दोन्ही हातांत धरून बसले होते, ती पाहून कर्मसिद्धान्तावरील माझी डळमळीत श्रद्धा बरीच दृढ झाली.

बंदरातून कड्यावरच्या गावात जाण्यास मार्ग तीन: पायऱ्या, खेचर आणि रोपवे. पायऱ्या साडेपाचशेंहून अधिक असून त्यांवरून खेचरांचीही ये-जा चालते, त्यामुळे पुढचे पाऊल कशात पडेल याचा विचार पायरीगणिक करावा लागतो.

“रायगड पायी चढलोय मी, हे काय घेऊन बसलात!” आण्णासाहेब म्हणाले.

“अहो, तेव्हा तुमचं लग्नसुद्धा झालं नव्हतं,” त्यांच्या पत्नी माईंनी वस्तुस्थिती नमूद केली.

राहता राहिले खेचर. परंतु २०१८ साली ग्रीक सरकारने असा नियम केला आहे की, या जनावरांवर १०० किलोंहून अथवा त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक भार घालू नये. जहाजावरील पंगतीचा इतिहास ध्यानी घेऊन आण्णासाहेबांनी पंचमांशाचा हिशेब मनातल्या मनात केला आणि ‘मुक्या जिवाला त्रास कशाला’ असे म्हणत, भूतदयेचा भाव मुखावर आणून, रोपवेची रांग धरली. रोपवेचा प्रवास तीनेक मिनिटांचा. रांगेचा मात्र तासाभराचा. जहाजांतून दिवसाकाठी ८००० हून अधिक माणसे येऊ नयेत, अशी मर्यादा बेटावर घातलेली आहे. त्या आठ हजारांपैकी बहुतेक सर्वांशी आमचा रांगेतच परिचय झाला.

वर शुभ्र घरे, निळे घुमट आणि त्यांच्यासमोर छायाचित्रासाठी आणखी एक रांग. ओईया गावचा सूर्यास्त जगप्रसिद्ध आहे, पण उन्हाळ्यात सूर्य तेथे साडेआठच्या सुमारास मावळतो आणि आमची मुदत साडेपाचची. सबब सूर्यास्त नामंजूर झाला होता.

फिरा येथील प्रागैतिहासिक संग्रहालयात मात्र रांग नव्हती, आणि खरे पाहण्याजोगे तेथेच होते. बेटाच्या दक्षिण भागात अक्रोतिरी येथे स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ पासून उत्खनन करून ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले एक नगर उजेडात आणले: बहुमजली घरे, फरसबंदी रस्ते, सांडपाण्याची गटारे, आणि भिंतींवरची चित्रे, ज्यांतील खडकांवर बागडणारी निळी माकडे या संग्रहालयात आहेत. उद्रेकात सापडलेल्या माणसांचे सांगाडे मात्र त्या नगरात मिळाले नाहीत. भूकंपाची सूचना ओळखून लोक आधीच निघून गेले असावेत, असा पंडितांचा तर्क आहे. जाताना त्यांनी मौल्यवान चीजवस्तू बहुधा बरोबर नेल्या, कारण १९९९ मध्ये एका लाकडी पेटीत मिळालेला सोन्याचा छोटासा रानबोकड सोडला, तर सोने जवळपास मिळालेलेच नाही.

“वेळेवर निघाले लोक. याला म्हणतात बंदोबस्त,” आण्णासाहेब घड्याळ पाहत म्हणाले.

“आणि बोकड राहिला पेटीत,” माई म्हणाल्या. “निघताना कपाट बघायचं काम कुणा पुरुषाकडे असणार.”

उतरतीच्या रांगेची हकीकत सांगून वाचकांस शिणवीत नाही. शेवटच्या लाँचने आम्ही जहाज गाठले आणि डेकवरून पाहिले, तो तांबड्या, काळ्या, करड्या थरांचा तो प्रचंड कडा आणि त्याच्या माथ्यावरची पांढरी वस्ती सकाळपासून प्रथमच समग्र दिसली. बेटावर असताना आम्हांला मुख्यतः पुढच्या माणसाची पाठ दिसली होती.

तेव्हा कोणी जाणार असाल, तर जहाजाच्या एका दिवसात ओईयाचा मोह धरू नका. संग्रहालय पाहा आणि साडेतीनलाच उतरतीची रांग धरा. सूर्यास्त पाहावयाचाच असेल, तर ग्रीसच्या पिरेयस बंदरातून फेरीबोट सुटते. तिने जा आणि दोन रात्री मुक्काम करा.