फौंड्रीवाल्याचे जलपर्यटन

पुणे-बेंगळुरू महामार्गालगत, कर्नाटकाच्या हद्दीच्या थोडे अलीकडे वसलेल्या आणि स्थानिक बोलण्यात नुसत्या ‘फाइव्ह स्टार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत जे मानवी नमुने आढळतात, त्यांत फौंड्रीचा मालक हा सर्वाधिक अभ्यसनीय होय. मात्र त्याचा अभ्यास त्याच्या स्वतःच्या शेडमध्ये करण्यापेक्षा त्याला जर्मनीतील एखाद्या नदीवर, तरंगत्या हॉटेलात, हातात काहीही काम न देता बसवून करणे अधिक फलदायी ठरते. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतण्याचा कारखाना आणि अशा ओतीव मालाला कास्टिंग म्हणतात, हे कोल्हापूर जिल्ह्याबाहेरील वाचकांसाठी नमूद करावे लागते. जिल्ह्यातील वाचकाला ते जन्मतः ठाऊक असते.

हा नमुना सहसा तिसऱ्या पिढीतला असतो. आजोबांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर तेल-इंजिनांचे सुटे भाग केलेले असतात, कारण उसाला पाणी पाजायला आणि गुऱ्हाळ चालवायला इंजिन लागे, आणि ते हंगामात मोडले तर थांबायला कुणाला सवड नसे. वडिलांनी शिरोलीत भट्टी पेटवलेली असते. आणि त्याने स्वतः कागलात प्लॉट घेऊन इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेच्या चुंबकीय प्रेरणेने धातू वितळवणारी भट्टी, बसवलेली असते. ही भट्टी वीज अशी पिते की वीजदर हा मालकाच्या संभाषणाचा स्थायीभाव बनतो, आणि दरवाढ झाली की तो आपल्या बांधवांसह कर्नाटकात निघून जाण्याचा इशारा देतो. हा इशारा इतक्या नेमाने दिला जातो की त्याची गणना आता सणवारांत करायला हरकत नसावी.

युरोपशी त्याचा संबंध येतो तो ‘गीफा’मुळे. ऱ्हाईनच्या काठावरील ड्यूसेलडॉर्फ शहरात १९५६ पासून भरणारे आणि साधारणतः चार वर्षांतून एकदा येणारे हे फौंड्री-तंत्राचे जागतिक प्रदर्शन कोल्हापूरकरांच्या लेखी जोतिबाच्या खेट्यांच्या खालोखाल पवित्र असते. पत्नीला, जिला वसाहतीतील सर्व कामगार ‘वैनी’ म्हणतात आणि म्हणून येथेही तेच संबोधन वापरले आहे, प्रत्येक गीफाच्या वेळी ‘पुढच्या टायमाला तुला न्हेतो’ असे आश्वासन मिळालेले असते. अखेर भिशीतल्या कुणा मैत्रिणीकडून नदीवरच्या क्रूझची माहिती काढून, प्रदर्शनाला जोडून तिचे आरक्षण वैनी स्वतःच करून टाकतात. ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर’ हे मराठी पर्यटनाचे मूलतत्त्व त्यांच्या बाजूचे असल्यामुळे मालकाला प्रतिवाद करता येत नाही.

नदीवरील क्रूझ समुद्रावरच्या क्रूझसारखी अवाढव्य नसते. जहाज लांबीला फार तर १३५ मीटर आणि रुंदीला साडेअकरा मीटरच्या आत, प्रवासी दीडशे ते दोनशे, आणि त्यांतील बहुतेक निवृत्त. ते बरेचसे अंतर रात्री कापते आणि दिवसा मिल्टेनबेर्ग, वेर्टहाइम, बामबेर्ग अशा लहान गावांच्या काठाला उभे राहते, जेणेकरून प्रवाशांनी चौकात हिंडावे, कॉफी प्यावी आणि परत येऊन आणखी कॉफी प्यावी. या दिनक्रमाचा हेतू विश्रांती हा आहे, ही गोष्ट फौंड्रीवाल्याला पहिल्या दिवशी सांगितली जाते. पण सांगणे आणि पटणे यांत, ड्रॉइंग आणि कास्टिंग यांत असते तसे, काही अंतर राहतेच.

पहिल्या संध्याकाळी तो शेजारच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थाला ‘तुम्हाला काय रेटनं पडलं?’ असे इंग्रजीत विचारतो. गृहस्थ अवघडून आकडा सांगतो, तो मालकाच्या आकड्यापेक्षा कमी निघतो, आणि पुढचे दोन दिवस वैनींना त्याचा जाब द्यावा लागतो. त्यातच घड्याळाची भानगड असते. उन्हाळ्यात जर्मनीची वेळ भारताच्या साडेतीन तास मागे असल्यामुळे कागलात रात्री दहाला पाळी बदलते तेव्हा जहाजावर संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. रात्री वीज स्वस्त मिळे तेव्हापासून भट्ट्या रात्री चालवण्याची सवय अंगात मुरलेली, त्यामुळे पाळीची पहिली ‘हीट’, म्हणजे भट्टीतील एका वेळचा वितळलेला धातू, तयार होण्याचा क्षण आणि कप्तानाच्या स्वागतभोजनाचा क्षण नेमके एकावर एक येतात. कप्तान पेला उचलून प्रवासाला शुभेच्छा देत असताना मालक फोनवर ‘आधी स्लॅग काढा, मग वता!’ असे खड्या आवाजात बजावतो, आणि पलीकडच्या टेबलावरील अमेरिकन दांपत्य तो एखादा पौर्वात्य मंगलाशीर्वाद समजून आपलेही पेले उंचावते.

खाण्याबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. भडंग आणि कांदा-लसूण चटणी बॅगेत असतेच. अपवाद बामबेर्गचा. तेथील प्रसिद्ध बिअरसाठी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, बीचच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात, त्यामुळे ती प्याल्यावर बहुतेक पर्यटकांची तोंडे वाकडी होतात. फौंड्रीवाल्याला मात्र वडिलांच्या काळातील भट्टीजवळ उभे राहिल्यासारखे वाटून तो दुसरा ग्लास मागवतो.

कोब्लेन्झ ते बिंगेन हा ऱ्हाईनचा सुमारे ६५ किलोमीटरचा टप्पा दुतर्फा किल्ल्यांनी गजबजलेला असून २००२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. सारे प्रवासी वरच्या डेकवर कॅमेरे सरसावून असताना मालक कठड्याला टेकून, जहाज बांधण्याच्या ओतीव लोखंडी खुंटाला, ज्याला बोलार्ड म्हणतात, बोटांनी चाचपत असतो. ‘अहो, वर बघा की जरा, किल्ला आलाय!’ असे वैनी म्हणतात. ‘बघितला. पन्हाळा काय कमी हाय व्हय?’ असे उत्तर येते, आणि बोटे पुन्हा ओतकामाच्या जोडरेषेवरून फिरू लागतात.

गावांत तर हे अधिकच उघड होते. मिल्टेनबेर्गच्या चौकात गाईड लाकडी चौकटीत माती-विटांची भर घालून उभारलेल्या जुन्या घरांकडे वर बोट दाखवते, तेव्हा पूर्ण गटात एकटा फौंड्रीवाला खाली पाहत असतो, कारण खाली गटाराचे झाकण असते. त्यावर ‘ईएन १२४’ हा युरोपीय मानकाचा क्रमांक आणि ‘डी ४००’ ही श्रेणी, म्हणजे सुमारे ४० टनांचा भार सोसण्याची हमी, ओतलेली असते. तो उकिडवा बसतो, कडेवरून नख फिरवतो, बुटाने ठोकून आवाज ऐकतो, चार बाजूंनी फोटो काढतो आणि निकाल देतो: ‘फिनिशिंग बरं हाय, पर वजन उगंच वाढवून ठेवलंय.’ एखादा वृद्ध जर्मन, याचे काही हरवले असावे अशा समजुतीने, थांबतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही; पण मालकाने झाकणावर टिचकी मारून ‘जी-जी-जी?’ असे विचारताच म्हातारा ‘गे-गे-गे!’ असे उजळलेल्या चेहऱ्याने सांगतो, कारण मॅग्नेशियम घालून चिवट केलेल्या ज्या लोखंडाला कोल्हापुरात एसजी म्हणतात, त्याची जुनी जर्मन खूण तीच तीन अक्षरे आहेत आणि ती कागलात येणाऱ्या कित्येक ड्रॉइंगांवर आजही असतात. पुढची वीस मिनिटे हातवारे व आकडे यांवर संभाषण रंगते, आणि तोवर गट चर्च पाहून परत आलेला असतो.

त्याने आपण होऊन पाहिलेले स्थळ एकच, आणि ते क्रूझच्या कार्यक्रमात नसते. कोब्लेन्झजवळ बेन्डॉर्फ येथे सायनची जुनी लोहशाळा आहे. तिचा १८२८ ते १८३० या काळात उभा राहिलेला ओतशाळेचा मंडप ओतीव लोखंडाच्याच खांबांवर आणि कमानींवर तोललेला असून आतून थेट एखाद्या चर्चसारखा दिसतो. येथे मात्र मालक बोलत नाही, टिचकी मारत नाही, फोनही उचलत नाही, आणि टॅक्सीचे मीटर चालू आहे याचे त्याला भान उरत नाही. वैनी पुढे भिशीत सांगतात त्याप्रमाणे, अंबाबाईच्या देवळातही ते इतका वेळ हात जोडून उभे राहिलेले नाहीत.

दुसरा आनंद लॉकचा. लॉक म्हणजे नदीच्या चढ-उतारावर बांधलेली, दोन्ही टोकांना दरवाजे असलेली पाण्याची चिंचोळी पेटी. जहाज आत घेऊन दरवाजे लावायचे आणि पाणी भरून वा सोडून त्याला वरच्या अगर खालच्या पातळीवर न्यायचे. माइन नदीवर बामबेर्गपर्यंत अशी ३४ लॉक आहेत, आणि तेथून डॅन्यूबला जोडणाऱ्या १७१ किलोमीटरच्या कालव्यावर आणखी १६. ही पेटी १२ मीटर रुंद असल्यामुळे जहाजाच्या दोन्ही अंगांना वीतभर जागा उरते, आणि एवढ्या टॉलरन्समध्ये, म्हणजे मोजमापातील मान्य फरकात, १३५ मीटरचा जॉब बसवणाऱ्या कप्तानाबद्दल फौंड्रीवाल्याच्या मनात गुरुभाव निर्माण होतो. पहाटे तीनला लॉक आले तरी तो स्वेटर घालून डेकवर हजर असतो. मोठ्या लॉकांत जहाज जवळजवळ २५ मीटर उचलले जाते आणि शेजारच्या टाक्यांत साठवून सुमारे ६० टक्के पाणी पुन्हा वापरले जाते, हे कळल्यावर तो आपली वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याचा हिशेब नॅपकिनवर मांडू लागतो. वैनींनी झोपमोडीबद्दल तक्रार केलीच, तर उत्तर तयार असते: कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेले शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी युरोपात गेले, आणि परतल्यावर काही वर्षांतच राधानगरीच्या धरणाचे काम सुरू झाले. ‘महाराजांनी धरण बांधलं, किल्ल्याम्होरं उभं राहून फोटो न्हाई काढलं.’

याच कालव्याची कुळकथा त्याला विशेष दिलासा देते. शार्लमेन राजाने ७९३ मध्ये दोन्ही नद्या जोडायला चर खणायला घेतला, पावसाने कडा ढासळल्या; आजचा कालवा पुरा झाला १९९२ मध्ये. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे पाणी कोल्हापुरात २०२३ च्या दिवाळीला पोहोचले, तोपर्यंत तिच्या विलंबावर सर्वाधिक टीका करणारा हाच गृहस्थ होता. आता तो जर्मनांच्या तुलनेत महापालिकेची बाजू घेऊन बोलतो.

पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ या तिन्ही नद्या एकत्र येतात. पाच नद्यांच्या पंचगंगेवर वाढलेल्या माणसाला हा आकडा थोडा तोकडाच वाटतो, पण नगरभवनाच्या भिंतीवरील पुराच्या खुणा पाहून तो गंभीर होतो. २०१३ ची खूण १२.८९ मीटरची आहे आणि तिच्याहून वर फक्त १५०१ ची. तो मनातल्या मनात मीटरचे फूट करतो, राजाराम बंधाऱ्याच्या ४३ फुटांच्या धोका पातळीशी ताडून पाहतो, आणि फोटो वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर टाकून विचारतो, ‘आपल्याकडं पाणी किती?’ कुणीतरी पातळी कळवतो, कुणी महामार्ग बंद पडला होता त्या वर्षाची आठवण काढतो, आणि पाचव्या संदेशापासून चर्चा वीजदरावर येते.

सहलीचा खरा शेवट सीएच्या टेबलावर होतो. फर्म भागीदारीची असून करनियोजनासाठी वैनी कागदोपत्री भागीदार असतात; सगळा खर्च धंद्याच्या नावे दाखवावा अशी मालकाची इच्छा, आणि पुरावा म्हणून झाकणे, बोलार्ड व लॉकचे दरवाजे यांच्या फोटोंची फाइल. सीए ती फाइल शांतपणे चाळतो, प्रदर्शनाचे दिवस तेवढे मान्य करतो, आणि क्रूझचा खर्च ‘ड्रॉइंग्ज’, म्हणजे भागीदारांनी स्वतःसाठी उचललेल्या रकमा, या खात्यात निम्मा-निम्मा टाकतो. वैनींना हे समजते तेव्हा त्या म्हणतात, ‘निम्मं माझ्या नावावर पडणार असंल, तर पुढच्या खेपेला गाव मी ठरवणार. व्हेनिसला जाऊया.’ मालक थोडा वेळ विचार करतो आणि विचारतो, ‘तिथं नावा बांधायला खुंट कसलं असत्यात गं?’

‘लाकडाचे,’ वैनी सांगतात. ‘विचारून घेतलंय मी.’