प्रभारी विद्वत्ता

आयुक्ताला जगातले सगळे काही येते, अशी छत्तीसगडच्या कारभाराची श्रद्धा आहे. मार्च 2025 मध्ये रायपूरच्या कुशाभाऊ ठाकरे पत्रकारिता विद्यापीठाच्या कुलगुरूंची मुदत संपली आणि त्यांची खुर्ची रायपूरच्या संभागायुक्तांकडे प्रभारात गेली. संभागायुक्त म्हणजे महाराष्ट्रातले विभागीय आयुक्त. त्याआधी 2024 मध्ये खैरागडच्या इंदिरा कला संगीत विद्यापीठाच्या कुलगुरूंना हटवण्यात आले, तेव्हा तिथला प्रभार दुर्गच्या संभागायुक्तांनी घेतला होता. या खैरागडच्या खुर्चीचा पूर्वेतिहास रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांनी तरी विसरू नये. तिथल्या राजघराण्याने आपला राजवाडा देऊन 1956 साली हे विद्यापीठ उभे केले, आणि पहिले कुलगुरू म्हणून आणले श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांना. भातखंड्यांचे शिष्य, फैयाज खाँसाहेबांकडे शिकलेले, लखनौचे संगीत महाविद्यालय वर्षानुवर्षे चालवलेले. बागेश्रीत पंचम किती घ्यावा, या वादात त्यांचा शब्द वजनदार होता. आयुक्तांच्या प्रभारात तो वाद जमिनीच्या अपिलांच्या रांगेत बसला असता, तरी हरकत नसावी. पुढची तारीख तरी नक्की मिळाली असती.

या आयुक्तांच्या लायकीबद्दल तक्रार नाही. हुकूम आला, त्यांनी पदभार घेतला. तक्रार आहे ती या हुकमामागच्या तर्काबद्दल. प्रशासन ही एक सर्वसाधारण विद्या आहे, ती ज्याला आली त्याला संस्था कोणतीही चालते, असा तो तर्क. ठीक आहे, मानू. पण मग ही वाहतूक एकेरी का? शारदा चौक ते तात्यापारा चौक या एवढ्याशा रस्त्याचे रुंदीकरण कित्येक वर्षे रखडत आले आहे. आराखडे झाले, भरपाईचे हिशेब झाले, निवडणुका तर कितीतरी झाल्या. त्याच जी. ई. रोडवर थोडे पुढे एनआयटी आहे, तिथे स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक आहेत आणि रस्ता कसा बांधतात हे शिकवण्यातच त्यांची हयात गेली आहे. नगर निगमाच्या आयुक्तांची बदली झाली आणि नवे येईपर्यंत त्यांच्यातल्या ज्येष्ठ प्राध्यापकाकडे निगमाचा अतिरिक्त कार्यभार दिला, असे कधी कुणी ऐकले आहे? जिल्हाधिकारी रजेवर गेले आणि जिल्हा रविशंकर विद्यापीठाच्या भूगोल विभागप्रमुखांनी सांभाळला, असे? कल्पनेनेच मंत्रालयात हसू फुटेल. कलेक्टरकीला अनुभव लागतो. कुलगुरूपदाला मात्र शिक्का पुरतो.

यावर जाणकार इतिहास काढतील, आणि तो खराही आहे. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर बॅरिस्टर होते, फेडरल कोर्टाचे न्यायाधीश होते. 1964 साली त्याच खुर्चीवर आलेले काकासाहेब गाडगीळ केंद्रात मंत्री आणि पंजाबात राज्यपाल राहून आलेले. सगळ्यात अडचणीचे उदाहरण चिंतामणराव देशमुखांचे. आयसीएस होऊन त्यांनी ज्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात नोकरी केली, त्यात आपले रायपूरही होते. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, आणि 1962 ते 1967 दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. म्हणजे अस्सल सनदी अधिकारी, आणि कुलगुरूही अस्सल. त्याच अनुदान आयोगाने 2018 च्या नियमांत कुलगुरूला प्राध्यापकपदाचा, किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेतला, किमान दहा वर्षांचा अनुभव सक्तीचा ठेवला. त्या चाळणीत जयकर आणि खुद्द आयोगाचे हे माजी अध्यक्ष पहिल्याच फेरीत गळाले असते. तेव्हा ‘प्राध्यापकच हवा’ हा हट्ट मी धरणार नाही. पण देशमुख दिल्लीच्या खुर्चीवर बसले ते दुसरे कुठलेही दप्तर बगलेत न घेता. कुणी त्यांना ‘अर्थखात्याच्या कामातून वेळ मिळाला तर विद्यापीठाकडेही बघा’ म्हटले नव्हते. आधीच्या आयुष्यात माणूस काय होता, हे एक वेळ क्षम्य आहे. खुर्चीत असतानाही तो मुख्यतः दुसराच कुणी असावा, हे नाही.

‘अहो, ही तात्पुरती सोय आहे,’ हा पुढचा युक्तिवाद. तात्पुरती कशासाठी? कुलगुरूची पाच वर्षांची मुदत कधी संपणार, हे नेमणुकीच्याच दिवशी ठरलेले असते. पत्रकारिता विद्यापीठातले कुलगुरू मार्च 2020 मध्ये रुजू झाले. ती मुदत मार्च 2025 मध्ये संपेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. शोध समिती नेमायला सरकारकडे पाच वर्षे होती. अर्थात त्या काळात सरकार रिकामे नव्हते. विद्यापीठाला असलेले कुशाभाऊंचे नाव बदलून चंदूलाल चंद्राकरांचे द्यावे, असे विधेयक 2020 मध्येच विधानसभेने संमत केले होते. नाव अजूनही कुशाभाऊंचेच आहे, तो भाग वेगळा. पाटीवर कोण, यासाठी विधानसभेला वेळ असतो. खुर्चीत कोण, ते आयुक्त कार्यालयावर सोपवता येते. शिवाय दहा वर्षांच्या अनुभवाची अट पूर्णवेळ कुलगुरूला. प्रभारीला ना अट, ना मुलाखत, ना शोध समिती.

उरला शेवटचा आणि खरोखर जड आक्षेप: प्राध्यापकांना कारभार जमतो कुठे? मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकालांचा असा बट्ट्याबोळ झाला की राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना घरी पाठवले. ते कुलगुरू जीवशास्त्राचे प्राध्यापकच होते. हा पुरावा नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तिथे जबाबदारीला एक चेहरा होता आणि त्या चेहऱ्याला किंमत मोजावी लागली. प्रभारी आयुक्ताच्या काळात निकाल अडले, तर त्याचे काय बिघडते? तो आपल्या मूळ जागी, मूळ पगारावर सुखरूप असतो. आणि कारभारी मंडळींनी शिक्षणात केलेल्या पराक्रमाची आठवण रायपूरला कुणी करून द्यायला नको. 2002 च्या कायद्याच्या आधारे या राज्यात 112 खासगी विद्यापीठे उगवली, त्यातल्या कित्येकांचा संसार एखाद-दोन खोल्यांत मावत होता. हे बंद करायला सर्वोच्च न्यायालयात कोण गेले? प्राध्यापक यशपाल, भौतिकशास्त्राचा माणूस. 11 फेब्रुवारी 2005 रोजी त्या कायद्याचा, अशी विद्यापीठे काढू देणारा भाग रद्द झाला. ज्याला प्रशासन कळत नाही असे आपण म्हणतो, त्याने प्रशासनाचा हिशेब तपासून दाखवला, तोही कुठल्या प्रभारावर नसताना.

जानेवारी 2025 मध्ये अनुदान आयोगाने नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात उद्योग, सार्वजनिक प्रशासन आणि धोरणक्षेत्रात वरिष्ठ पदावर दहा वर्षे काढलेल्यांनाही कुलगुरूपदाची दारे उघडी करण्याचे सुचवले आहे. चांगली कल्पना आहे. फक्त दुसऱ्या बाजूचा मसुदा, म्हणजे दहा वर्षे शिकवलेल्याला जिल्हा, संभाग किंवा निदान एखादा महापालिका झोन सांभाळू देणारा, कार्मिक मंत्रालयाकडून यायचा राहिला आहे. तो येईपर्यंत संस्कृतच्या प्राध्यापकांनी महसुली अपिले अभ्यासून ठेवायला हरकत नाही. प्रबंध तपासायला जितकी वर्षे लागतात, त्याहून त्यांना जास्त लागायची नाहीत.