खुर्चीची परीक्षा

सरकारला रस्ता बांधून देणाऱ्या माणसाला आपल्याकडे वर्ग असतो. बांधकाम खात्यात नोंदणी करायची, बँकेचा ऐपतीचा दाखला, यंत्रांची यादी, जुन्या कामांचे दाखले जोडायचे. मग हा कितव्या वर्गातला ठेकेदार आणि किती लाखांपर्यंतचं काम घेऊ शकतो, ते ठरतं. सुशिक्षित बेरोजगार अभियंत्याला पदवी दाखवावी लागते. मजूर सहकारी संस्थेला तर मजूरसुद्धा दाखवावे लागतात, निदान कागदावर. पण सरकारच्या वतीनं हे सगळं विकत घेणारा जो साहेब, त्याला खरेदीतलं काय कळतं हे दाखवावं लागत नाही. तो दाखवत नसतो, तो बघून घेतो.

घेणाऱ्याचीही परीक्षा घ्यावी, हा विचार नवा नाही. सरकारी खरेदीचे प्रकल्प सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी अमेरिकेनं 2007 साली तीन पायऱ्यांचं प्रमाणपत्र काढलं. ते एकदा मिळवून भिंतीवर लावून भागत नाही, दर दोन वर्षांनी शिकण्याचे 80 गुण जमवत राहावे लागतात. एवढा बंदोबस्त असताना 1 ऑक्टोबर 2013 रोजी तिथल्या सरकारनं आरोग्यविम्याचं संकेतस्थळ सुरू केलं आणि पहिल्या दिवशी सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. सहा. नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला सर्व्हर बसलेला असतानाही यापेक्षा जास्त सातबारे निघत असतील. त्याच डिसेंबरात त्यांनी प्रमाणपत्राचे नियम सुधारले आणि संगणक प्रकल्पांसाठी वेगळी खास पात्रता जोडली. आपण चौकशी समिती नेमली असती. समितीला मुदतवाढ मिळते, हा आपला मोठेपणा.

प्रमाणपत्रांत आपणही मागे नाही म्हणा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना 2007 अखेरची मुदत देऊन संगणकाचं प्रमाणपत्र मागितलं होतं, नाहीतर वेतनवाढ बंद. त्या धाकानं लोक एमएस-सीआयटी झाले. प्रमाणपत्र सेवापुस्तकाला लागलं, वेतनवाढ वाचली, आणि टायपिंग आजही बाहेरचा ऑपरेटरच करतो. पुढे 2 सप्टेंबर 2020 ला केंद्रानं सरकारी नोकरांच्या प्रशिक्षणासाठी मिशन कर्मयोगी मंजूर केलं. आता 'आयगॉट'वर घरबसल्या धडे मिळतात, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर खरेदी कशी करावी याचेसुद्धा. ऑक्टोबर 2024 मध्ये राष्ट्रीय शिक्षण सप्ताह झाला, त्यात प्रत्येकानं किमान चार तास शिकायचं होतं. नाव मात्र सुरेख दिलंय, कर्मयोगी. कर्म करावं, फळाची आशा धरू नये. फळ कुणीतरी संध्याकाळी घरी आणून देतो, तो अध्याय गीतेनंतरचा. धड्याचा व्हिडिओ लावून मोबाइल टेबलावर पालथा घातला की साहेब सह्या करायला मोकळे.

माझी हरकत परीक्षेला नाही. प्रमाणपत्र द्यायचं कुणाला, एवढाच प्रश्न आहे. माणसाला दिलं तर माणूस टिकत नाही. माहूरला नेमणूक झाली की ते देवीचं बोलावणं न वाटता मंत्रालयाचा राग वाटतो. साहेब हजर होतात, गडावर जातात, रेणुकामातेची ओटी भरतात आणि नांदेडला बदलीचा नवस बोलतात. देवी जागृत आहे. मग पद रिकामं होतं आणि अतिरिक्त कार्यभार किनवटच्या साहेबांकडे जातो, ज्यांच्याकडे आधीच हदगावचा असतो. माहूरला विचारावं तर साहेब किनवटला, किनवटला विचारावं तर हदगावला. हदगावचा शिपाई म्हणतो, ''आत्ताच माहूरला गेले की, तुमाला वाटंत भेटले नाईत?''

हे नुसतं हसण्यावारी नेता आलं असतं तर बरं झालं असतं. 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या चोवीस तासांत नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बाळं होती. औषधांचा तुटवडा नव्हता, असं सरकारनं सांगितलं. एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांकडून कॅमेऱ्यासमोर शौचालय साफ करून घेतलं. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा दिसलं ते असं: राज्याच्या औषधखरेदीसाठी त्याच वर्षी खास कायदा करून प्राधिकरण काढलेलं, पण त्याला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नाही, कारभार अतिरिक्त कार्यभारावर. तो नेमा, असं न्यायालयाला सांगावं लागलं. खरेदीच्या खुर्चीला माणूस मिळत नव्हता. झाडू मात्र ताबडतोब मिळाला.

म्हणून माझी सूचना अशी की प्रमाणपत्र थेट खुर्चीला द्यावं. खुर्ची बदलून जात नाही. तिची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत असते, तिला क्रमांक असतो, दर वर्षी तिची पडताळणी होते. साहेबांची एवढी पडताळणी कुठं होते? शिवाय खुर्चीला सगळं पाठ असतं. तीन वेगवेगळ्या फर्मच्या दरपत्रकांना एकाच प्रिंटरची शाई कशी, हे तिनं जवळून पाहिलेलं असतं. निविदेच्या अटी कुणाच्या पेनड्राइव्हमधून आल्या, हेही तिला माहीत असतं.

कुणाला खुर्चीची परीक्षा पटत नसेल तर माणसांचीच घ्या, पण केंद्र माहूरला ठेवा. गडावरून पाहिलं तर पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, अलीकडे नांदेड. त्यामुळे कुठलंही अर्धवट काम पलीकडच्या जिल्ह्याचं आहे, असं सांगण्याचा सराव उमेदवाराला आपोआप होतो.

प्रात्यक्षिकाला साहित्यही भरपूर. निम्न पैनगंगा प्रकल्प घ्या. 1997 च्या मान्यतेत खर्च साधारण 1,400 कोटी, 2009 च्या सुधारित मान्यतेत दहा हजार कोटींच्या पुढे. बुडित क्षेत्रातल्या गावांचा विरोध आहे आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण धरण जिथल्या तिथे असताना आकडा एवढा कसा वाहिला, हे उमेदवारानं सांगायचं. रेल्वेचाच प्रश्न हवा असेल तर वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग आहे. 2008 च्या सुमारास मंजूर झाला तेव्हा 274 कोटींचा, पुढे तीन हजार कोटींच्या वर. फेब्रुवारी 2024 मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. नांदेडच्या लोकांनी तोवर नंदीग्राम एक्स्प्रेसवर भागवावं.

लेखी परीक्षेला एकच प्रश्न पुरे: ठराविक मर्यादेवरच्या खरेदीला ई-निविदा सक्तीची असताना मर्यादेच्या तिप्पट किमतीची बाकं शाळेला कशी द्याल? ''ई-निविदा काढून'' लिहिणारा नापास. चार तुकडे पाडून चार आदेश काढणारा पास. वरच्या श्रेणीसाठी 2015 चं सरकारी चिक्कीखरेदीचं प्रकरण. एका दिवसात 24 शासन निर्णय, 206 कोटींची खरेदी, निविदा नाही, दर करार. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला त्यात काही गैर आढळलं नाही. म्हणजे उत्तर बरोबर होतं, पायऱ्या तेवढ्या कुणाला दिसल्या नाहीत. तोंडी परीक्षा 31 मार्चच्या रात्री, बीडीएस या निधीवाटपाच्या प्रणालीवर अनुदान आल्यावर, बारा वाजायच्या आत. उत्तीर्णांनी गडावर तांबूल घ्यावा. नाहीतरी यानंतर तोंड बंद ठेवायचंच असतं.

एवढं लिहून होईतो कळलं की आमची सूचना वरच्या मजल्यावर मान्य झाल्यात जमा आहे. प्रशिक्षण संस्था नेमायची निविदा पहिल्यांदा काढली तर एकच देकार आला, दुसऱ्यांदाही तोच. तिसऱ्या वेळी तोच देकार स्पर्धात्मक ठरला. अभ्यासक्रम अजून व्हायचा आहे, परीक्षक नेमायचे आहेत, केंद्राच्या इमारतीचं अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेसाठी अतिरिक्त कार्यभाराच्या गाडीत फिरतंय. प्रमाणपत्रं मात्र छापून तयार आहेत. निधी परत जाऊ नये म्हणून छपाईचं देयक मार्चअखेरच काढलं. नावाची जागा कोरी आहे, गुण 80 छापलेले आहेत.