धोटा उडाला!

आमच्या नाशकातल्या एका कापड कंपनीने लोगो बदलला. कोणती कंपनी, ते विचारू नका. अशा कंपनीचं ऑफिस गंगापूर रोडला असतं, कारखाना मालेगावला, आणि तिचा 'आत्मा' नुकताच मुंबईच्या एखाद्या एजन्सीला सापडलेला असतो.

जुन्या लोगोत मागावरचा धोटा होता. आजोबांनी बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून काढून घेतलेला, पोटात सुताची कांडी, दोन्हीकडे टोक. जरा होडीसारखा दिसायचा, पण मालेगावात शेंबड्या पोरालाही तो धोटाच आहे हे कळायचं. नव्या लोगोत त्या जागी काही नाही. काही नाही असं म्हणायचं नसतं, तिथे 'अवकाश' आहे. दोन निळ्या रेघा आणि मधे अवकाश, तोही उजवीकडे कललेला, कारण कंपनी पुढे झेपावते आहे.

धोटा का काढला? एजन्सी म्हणते, जग रॅपियर आणि एअरजेट लूमवर गेलं, तिथे धोटा नसतोच. अगदी बरोबर. धावत्या धोट्याचं पेटंट इंग्लंडात 1733 साली निघालं, वस्तू जुनी आहेच. अडचण एवढीच की या कारखान्यात ते जग अजून पोचलेलं नाही. तिथले साचे, म्हणजे माग, धोट्याचेच. मिनिटाला शंभरावर खेपा घालणारा धोटा लोगोतून निवृत्त झाला, कामावर मात्र रुजूच आहे.

आता हा अवकाश सगळीकडे लागणार. ताग्यावर, लेटरहेडवर, ड्रायव्हरच्या टोपीवर, मालकांच्या सूनबाईंच्या पाण्याच्या बाटलीवर. सोबत जाडजूड नियमपुस्तिका आली आहे: अवकाशाभोवती अवकाश किती सोडायचा, अवकाश कोणत्या रंगावर छापायचा नाही (कोऱ्या कापडाचा मळकट पांढरा त्यात पहिला), अवकाशात चुकूनही काही लिहायचं नाही. बिल मात्र अवकाशात गेलं नाही. अठरा टक्के जीएसटीसकट ते वेळेत चुकतं झालं. आणि याच साच्यांवर बाराबारा तास उभं राहणाऱ्याला मीटरवर मजुरी. दर वाढवा म्हटलं की सूत महाग, वीज महाग, माल पडून, मंदी! लोगोच्या महिन्यात ही मंदी कुठे गेली होती?

मला याचं आता हसू येत नाही. कांडी संपली की नवी बसवायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं, ही गिरण्यांतली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कापसाची धूळ थेट छातीत. मुंबईच्या गिरण्यांत तर उष्ट्या धोट्याचा विटाळ होतो म्हणून दलित कामगारांना बऱ्या पगाराच्या विणखात्यात घेत नसत. एवढी माणसं त्या इवल्याशा भोकापाशी अडली. आणि हा धोटा 'दिसायला जड' म्हणून पुसणारा एजन्सीतला पोरगा कारखान्यात एकदाही गेला नाही. त्याला फोटो पाठवले होते. फोटोत आवाज नव्हता, धूळ नव्हती, माणसंही बाजूला उभी केली होती.

मालक, लोगो झाला ते झालं. आता एवढं करा, तो कामगारांच्या पगाराच्या पावतीवर छापून घ्या. म्हणजे त्या निमित्ताने पावती तरी द्यावी लागेल.