पहाटे तीनचा चिखल

लग्नाला पंचवीस वर्षं झालेलं मराठी जोडपं कसलीही कुरकुर न करता पहाटे अडीचला उठतं, असं भूतलावर एकच ठिकाण आहे आणि तिथून ते चिखल बघायला निघालेलं असतं. अंदमानच्या आठ-दहा दिवसांच्या सहलीत हा दिवस ‘बाराटांग’ या नावाने छापलेला असतो. त्याआधी सेल्युलर जेल झालेलं असतं, हॅवलॉकचा राधानगर किनारा झालेला असतो, नीलला खडकाच्या कमानीखाली फोटो काढून झालेले असतात. (सरकारदरबारी हॅवलॉक हे २०१८पासून स्वराज द्वीप, नील हे शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअर २०२४पासून श्री विजयपुरम आहे, ट्रॅव्हल एजंटाच्या दरबारी अजून काही बदललेलं नाही.) बेटांवरची सुस्ती झटकून या दिवशी रस्त्याला लागायचं. तीनच्या सुमाराला गाडीत बसायचं, काळोखात जिरकाटांगचा चेकपोस्ट गाठायचा, रांगेत गाडी लावून, चहा पिऊन, अर्ज भरून सहाच्या काफिल्याची वाट बघायची आणि मग पन्नासेक किलोमीटर जंगलातून मिडल स्ट्रेटच्या जेटीवर उतरायचं. पलीकडे बाराटांग बेट. तिथे काय आहे? छापील कार्यक्रमानुसार चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी. छापील मजकुरावर विश्वास ठेवावा, असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकवलेलं असतं. तेव्हा हे जोडपं खरोखरच चिखलासाठी उठतं, असं धरून चालू आणि हिशेब जुळतो का ते बघू.

आधी चिखलाची बाजू. जमिनीखाली कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांतून वायू तयार होतो, तो पाण्यासकट बारीक चिखल वर ढकलतो आणि राखाडी रंगाचा एक पसरट उंचवटा बनतो. भोवती कुंपण असतं. कुंपणाला टेकून माणसं उभी राहतात आणि थोड्या वेळाने मधोमध एक बुडबुडा येतो. तो फुटतो. मग दुसऱ्या बुडबुड्याची वाट बघायची. कधीमधी हा ज्वालामुखी जोरात उसळतोही, पण तो पॅकेजच्या तारखा पाळत नाही. भूशास्त्राच्या अभ्यासकाला यात रस वाटणं समजू शकतं. पण जुलै महिन्यात मुंबई-गोवा महामार्गावरून गेलेल्या माणसाला चिखलाचं इतकं अप्रूप असावं, हे पटायला जड जातं. गुहांची बाजू जरा बरी आहे. खारफुटीच्या खाडीतून स्पीडबोट, मग थोडी पायपीट आणि आत टॉर्चच्या उजेडात छतावरून लोंबणारे चुनखडीचे झुंबर. वाटाड्या त्यात गणपतीही दाखवतो, म्हणजे मराठी माणसाची सोय झालीच. तरीही झोप, कंबर आणि रक्तदाब पणाला लावून जाण्याइतकी ही गुहा मोठी आहे का? ज्या जोडप्याने सह्याद्रीतली लेणी ‘खूप पायऱ्या आहेत’ म्हणून वर्षानुवर्षं पुढे ढकलली, त्यांची गुहांवरची ही निष्ठा संशयास्पद आहे.

संशय पक्का होतो तो दुसऱ्या पुराव्याने. बाराटांगला समुद्रमार्गेही जाता येतं. पर्यटकांनी जंगलातला रस्ता वापरू नये म्हणूनच प्रशासनाने हा पर्याय पुढे आणला. चिखल तोच, बुडबुडा तोच, गुहेतला गणपतीही तोच. बेटांवर बोटीने फिरायला हजारो रुपये मोजणाऱ्या माणसाला खरं तर ही पर्वणीच वाटायला हवी. पण गर्दी रस्त्यालाच. याचा अर्थ सरळ आहे: एकाच ठिकाणी जाणाऱ्या दोन वाटांपैकी माणसं जर पहाटे उठून, रांगेत ताटकळून, अडचणीची वाट निवडत असतील, तर त्यांना ठिकाणात रस नाही, वाटेत आहे. आणि त्या वाटेवर जे आहे ते छापील कार्यक्रमात नाही. हा अंदमान ट्रंक रोड, राष्ट्रीय महामार्ग ४, जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. जारवा म्हणजे शिकार, मासेमारी आणि मध गोळा करून जगणारी, शतकानुशतकं बाहेरच्यांना बाणाच्या टोकावर ठेवलेली जमात. २००१च्या जनगणनेत त्यांची संख्या २४० होती, २०११मध्ये ३८०. म्हणजे एका बऱ्यापैकी सोसायटीत मावतील एवढी माणसं. त्यांना बघायला आपण निघालोय, हे गाडीतला प्रत्येक माणूस जाणतो आणि एकही उच्चारत नाही. खिडकीच्या सीटवरून मात्र वाद होतो.

इथे कायद्याची जी गंमत होते, ती नाटककाराला सुचली नसती. जारवांचं संरक्षण करणारे नियम १९५६पासून आहेत. त्यांच्या भागात परवानगीशिवाय जायचं नाही, त्यांचे फोटो काढायचे नाहीत, त्यांना खायला द्यायचं नाही. काफिल्यातल्या गाड्यांना आणखी शिस्त: थांबायचं नाही, ओव्हरटेक करायचं नाही, ताशी चाळीसच्या वर जायचं नाही. म्हणजे जायचं, पण हळू; बघायला मिळेल इतकं हळू, पण बघायचं नाही. जानेवारी २०१२मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने या रस्त्यावर जारवा बायकांना नाचायला लावल्याची चित्रफीत जगापुढे आणली, तेव्हा देशाला काही दिवस लाज वाटली. त्याच्या दहा वर्षं आधी, म्हणजे २००२मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता. तो आदेश निघाला तेव्हा जन्मलेलं मूल आता हनिमूनला अंदमानला जाऊन याच रस्त्याने बाराटांग बघून येऊ शकतं. जानेवारी २०१३मध्ये न्यायालयाने पर्यटकांना या रस्त्याने गुहा आणि चिखल बघायला जाण्यास अंतरिम मनाई केली. मार्चमध्ये ती उठली. चिखलाचं पारडं जड ठरलं.

आता प्रश्न असा की, पापभीरू, कर वेळेवर भरणारं, सिग्नलला गाडी थांबवणारं हे जोडपं यात येतं कसं? दोष त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा पॅकेजच्या रचनेत शोधावा. बेटावर जाण्यामागे एक वचन असतं: इथे अजून कुणी पोचलेलं नाही. प्रत्यक्षात राधानगरला ‘टाइम’ मासिकाने २००४मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवल्यापासून तिथे पोचायचं कुणी राहिलेलं नाही. प्रत्येक जोडपं दुसरं जोडपं फ्रेमबाहेर जाईपर्यंत थांबतं आणि मग निर्मनुष्य किनाऱ्याचा फोटो काढतं. त्या निर्मनुष्य किनाऱ्यावर फोटो काढायला रांग असते. स्कूबा सगळ्यांनी केलेलं असतं, कमान सगळ्यांनी बघितलेली असते, आणि केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना अंदमानला विमानाने जाण्याची एलटीसीतली सवलत वर्षानुवर्षं वाढवून मिळत असल्याने सोसायटीतले निम्मे लोक जाऊन आलेले असतात. मग कोजागिरीला गच्चीवर सांगायचं काय? ‘अस्पर्श’ या मालाची मागणी निळ्या पाण्यावर भागेनाशी झाली की बाजार पुढचा माल काढतो, आणि माणसाने न पाहिलेल्या जागेच्या पलीकडे एकच वस्तू उरते: आपल्याला न पाहिलेला माणूस. ‘आम्हाला दिसले’ या दोन शब्दांसाठी बाकीचा दिवस असतो. चिखल हा त्या दिवसाचा पत्ता आहे, पाकिटावर लिहिण्यापुरता.

याच सहलीच्या पहिल्या संध्याकाळी काय झालेलं असतं, तेही आठवावं. सेल्युलर जेलच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमात पिंपळाच्या झाडाच्या तोंडून कैद्यांचे हाल ऐकताना मराठी जोडप्याचे डोळे भरून येतात, आणि ते खोटं नसतं. १९११ ते १९२१ या काळात सावरकर तिथे होते. त्यांच्या कोठडीपाशी चपला काढणारी माणसं कुठल्याही दिवशी दिसतात. परक्यांनी येऊन आपल्या माणसांचं काय केलं, याचा संताप घेऊन सगळे हॉटेलवर परततात. पण या गोष्टीचा आधीचा अंक कार्यक्रमानंतर कुणी विचारत नाही. १८५८मध्ये ब्रिटिशांनी उठावातल्या कैद्यांना इथे आणलं आणि त्यांच्याकडूनच जंगल तोडून घेतलं. ते जंगल कुणाचं तरी घर होतं. ग्रेट अंदमानी लोकांनी १८५९मध्ये अ‍ॅबर्डीनला वसाहतीवर चाल केली आणि बंदुकांपुढे हरले. मग त्यांना ‘सुधारण्यासाठी’ आश्रयगृहात ठेवलं गेलं, साथी आल्या, आणि काही हजारांची ती जमात आज पन्नास-साठ माणसांवर आली आहे. परक्यांचा राग पुरता उतरायच्या आत, काही रात्रींनंतरच, आपण पहाटे तीनला ज्या रस्त्याला लागतो, तो त्याच गोष्टीचा पुढचा अंक आहे. फरक इतकाच की या वेळी परके आपण असतो आणि आपल्याकडे नाश्त्याचा डबा असतो.

यावर आक्षेप येतील, आणि त्यातला पहिला वजनदार आहे. उत्तरेला रंगत, मायाबंदर, डिगलीपूर इथे हजारो माणसं राहतात; त्यांना दवाखाना, कॉलेज, भाजीपाला यांसाठी हा रस्ता लागतो. बंद करा म्हणणं मुंबई-पुण्यात बसून सोपं आहे. अगदी मान्य. म्हणूनच प्रश्न रस्त्याचा नाही, पर्यटकाचा आहे. बाळंतीण आणि बटाट्याचा ट्रक यांच्या आडोशाने पर्यटकाने का जावं? रुग्णवाहिकेचं कारण पुढे करून मागच्या सीटवर आपण बसणं, ही युक्ती आपण टोलनाक्यावर केली तर पोलीस हसतील. दुसरा आक्षेप रोजगाराचा: बाराटांगचे बोटवाले, जीपवाले, हॉटेलवाले काय खातील? पर्यटक समुद्रमार्गाने आले तर तेच खातील जे आज खातात. त्यांचा धंदा जेटीच्या पलीकडे सुरू होतो, जंगलात नाही. पावसाळ्यात समुद्र खवळतो, हा तिसरा आक्षेप. खवळतो. तेव्हा जाऊ नये. हॅवलॉकची फेरी रद्द झाली तर आपण पोहत जात नाही.

सर्वांत गोड आक्षेप शेवटी येतो: त्यांनाही मुख्य प्रवाहात आणायला नको का? शाळा, औषधं, कपडे? हा विचार बोलून दाखवणाऱ्याच्या हातात त्या क्षणी सहसा बिस्किटाचा पुडा असतो. जारवा काय स्वीकारायचं ते स्वतः ठरवतील, घाई करू नये, अशी दिशा सरकारच्या २००४च्या धोरणातच आहे. १९९७-९८पासून ते आपणहून जंगलाबाहेर येऊ लागले आणि १९९९मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. ज्या रोगांशी त्यांच्या शरीराची ओळखच नाही, त्यांच्यासाठी आपला मुख्य प्रवाह खिडकीतून आलेल्या शिंकेएवढाही पुरतो. मार्च २०२५मध्ये एक अमेरिकन तरुण उत्तर सेंटिनेल बेटावर उतरला, किनाऱ्यावर डाएट कोकचा डबा आणि नारळ ठेवून परतला आणि त्याला अटक झाली. योग्यच झालं, आपण सगळे त्याच्यावर हसलो. पण त्याचा गुन्हा नेमका कोणता, हे काफिल्यात बसून समजून घेणं अवघड जाईल. तो एकटा गेला, परवानगीशिवाय गेला, बोटीने गेला. आपण शेकडोंनी जातो, अर्ज भरून जातो, एसी गाडीने जातो.

तुलनेसाठी घरच्याच एका व्यवस्थेकडे बघू. ताडोब्यात वाघाला मंगळवारी साप्ताहिक सुट्टी असते. पावसाळ्याचे तीन महिने गाभा क्षेत्र बंद असतं. किती जिप्सी सोडायच्या याला मर्यादा आहे, आणि तिकीट वाघाच्या नावाने मिळतं. ‘ताडोबा तलावातला गाळ बघायला आलो होतो’ असं कुणाला म्हणावं लागत नाही. जारवांच्या रस्त्याला मंगळवार नाही, पावसाळा नाही. वन्यजीवांच्या बाबतीत जो संकोच आपण शिकलो, तो माणसांच्या बाबतीत शिकायचा राहिला, आणि त्याचं कारण बहुधा हेच की वाघ बघायला जातो हे आपण मोकळेपणाने कबूल केलं. जी गोष्ट कबूल केली जाते, तिचे नियम करता येतात, तिला सुट्टी देता येते, ती बंदही करता येते. जी चिखलाच्या नावाखाली चालते, तिचं काय करणार? चिखलाला कुठलाच कायदा लागू नाही.

म्हणून या सुट्टीच्या हंगामात अंदमानचं बुकिंग करणाऱ्या समस्त जोडप्यांना एकच प्रयोग सुचवावासा वाटतो. जेल बघा, बेटं बघा, स्कूबा करा. बाराटांगचा दिवसही खुशाल ठेवा, कारण तुम्हाला गुहा आणि चिखल मनापासून आवडतात हे आपण सुरुवातीलाच मान्य केलं आहे. फक्त एजंटाला सांगा की, आम्हाला बोटीने न्या. बोट नसेल, समुद्र साथ देत नसेल, तर तो दिवस हॅवलॉकला वाढवा. एजंट बहुतेक चकित होऊन विचारेल, ‘बोटीने? मग बघणार काय?’ या प्रश्नावर दोघांपैकी एकाच्याही तोंडून ‘चिखल’ असं उत्तर न अडखळता निघालं, तर हे सगळं सदर खोटं ठरलं, असं समजून तुम्ही बिनदिक्कत पहाटे अडीचचा गजर लावावा.